उपद्रवी प्राणी आणि टार्गेट, दोन्हींसाठी एकच रिमफायर रायफल: निवड कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकच रिमफायर रायफल, म्हणजे तळाच्या काठावर पेटणाऱ्या छोट्या काडतुसाची रायफल, घ्यायची. तिने पिकाची नासाडी करणाऱ्या सशांचा आणि बिळं करणाऱ्या प्राण्यांचा बंदोबस्त करायचा, आणि उरलेल्या वेळी ५० मीटरवर कागदी टार्गेटवर मनापासून सराव करायचा. काडतूस .२२ लाँग रायफल घ्यावं, .२२ मॅग्नम की .१७ एचएमआर (आकडा म्हणजे कॅलिबर, नळीचा व्यास इंचात)? बोल्ट (प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी मागे-पुढे करायची) की सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणारी)? नळी जाड की बारीक? स्कोप कोणता?

बहुतेक जण रायफलींच्या नावांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात काडतुसापासून करायला हवी. काडतूस ठरलं की रायफलींची यादी आपोआप चार-पाच नावांवर येते. काडतूस ठरवायला दोनच गोष्टी माहीत हव्यात: प्राण्यावर गोळी झाडाल तेव्हा तो साधारण किती अंतरावर असेल, आणि महिन्याला किती गोळ्या सरावात झाडणार. पहिल्याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. रानात मोजणी झाल्याशिवाय बहुतेकांना ६० मीटर हे १०० मीटर वाटतात. लेझर रेंजफाइंडर मिळाला तर उत्तम, नाहीतर सरळ पावलं मोजा.

आधी माझं उत्तर सांगतो, कारणं नंतर. बहुतेक गोळ्या ७० मीटरच्या आत सुटणार असतील, तर .२२ लाँग रायफलची बोल्ट-ॲक्शन, मध्यम जाड नळीची, ५० मीटरच्या आतही पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण टार्गेटवर सरकते तो दोष) जुळवता येणाऱ्या स्कोपसह. अंतर नेहमीच ८० ते १३० मीटर असेल आणि सराव बेताचा असेल, तर .१७ एचएमआर. प्राणी कोल्ह्याएवढा असेल, तर .२२ मॅग्नम. तुम्ही टार्गेटचा सराव मनापासून करणार म्हणता, त्यामुळे माझा कल .२२ लाँग रायफलकडे आहे.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या इथून मला ठरवता येणार नाहीत. तुमच्या इथे कोणत्या प्राण्याला मारायची परवानगी आहे, कोणत्या महिन्यांत, कोणत्या कॅलिबरने, शिशाची गोळी चालते का, सायलेन्सर चालतो का, परवान्यावर एकच शस्त्र नोंदवता येतं का, हे सगळं खरेदीआधी लेखी पाहून घ्या. जमीन कशी आहे हेही महत्त्वाचं. सपाट आणि दगडाळ रान असेल तर काही काडतुसं इतर बाबतीत चांगली असूनही बाद होतात. त्यावर खाली बोलतो.

रिमफायर म्हणजे काय हे दोन ओळींत, कारण पुढचं बरंच त्यावर उभं आहे. या काडतुसात पेट घेणारा मसाला पितळी खोळीच्या तळाच्या काठात, म्हणजे रिममध्ये, आतून पसरलेला असतो. फायरिंग पिन त्या काठाला चेपते आणि मसाला पेटतो. काठ चेपता यावा म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, आणि पातळ पितळ जास्त दाब सोसत नाही. म्हणून रिमफायर नेहमी कमी दाबाचं, कमी ताकदीचं राहतं. खोळ पुन्हा भरता येत नाही. मसाला सगळ्या काठात सारखा पसरलेला नसेल तर काडतूस पेटत नाही किंवा गोळीचा वेग कमी-जास्त होतो. एकाच रायफलीत एक काडतूस सुंदर चालतं आणि दुसरं गोळ्या विखुरतं, याची अर्धी मुळं इथे आहेत.

आता काडतुसं. .२२ लाँग रायफल १८८७ सालापासून आहे. तिची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची, शिशाची गोळी स्टँडर्ड व्हेलॉसिटीमध्ये सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने निघते, हाय व्हेलॉसिटीमध्ये सुमारे ३८० मीटरने. ऊर्जा अनुक्रमे १४० आणि १९० ज्यूलच्या आसपास. .२२ मॅग्नम १९५९ ची. तीच ४० ग्रेनची गोळी ५७० मीटरने जाते, ऊर्जा ४२० ज्यूल. .१७ एचएमआर २००२ मध्ये आली. मॅग्नमचीच खोळ मान आवळून .१७ ची केलेली. १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम १.१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७५ मीटरने निघते, ऊर्जा ३३० ज्यूल. शंभर मीटरवर तिच्यात जेवढी ऊर्जा उरते, तेवढी .२२ हाय व्हेलॉसिटीत नळीच्या तोंडापाशी असते. .१७ मॅक-२ आणि .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नम ही आणखी दोन काडतुसं आहेत. दोन्ही चांगली, पण रायफलींची आणि काडतुसांची निवड फार तोकडी. एकच रायफल घेणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हे आकडे पाहून .१७ सरळ जिंकते असं वाटतं. म्हणून गोळी किती खाली जाते ते पाहू. .२२ स्टँडर्ड व्हेलॉसिटी ५० मीटरवर झिरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एका ठिकाणी आणली, तर २५ मीटरवर ती साधारण १ सेंटिमीटर वर लागते, ७० मीटरवर ६ सेंटिमीटर खाली आणि १०० मीटरवर वीतभर खाली. सशाच्या डोक्यातली जी जागा नेमकी लागायला हवी ती सुमारे ४ सेंटिमीटरचं वर्तुळ आहे. म्हणजे ७० मीटरवर अंतराचा अंदाज १० मीटरने चुकला तरी गोळी त्या वर्तुळाच्या बाहेर जाऊ शकते. .१७ एचएमआर १०० मीटरवर झिरो केली तर ५० मीटरवर ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी वर असते आणि १५० मीटरवर सुमारे ८ सेंटिमीटर खाली. १२० मीटरपर्यंत नेम बदलायची गरजच फारशी पडत नाही. तिचं खरं बळ हे आहे.

वारा मात्र लोक विसरतात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा असेल तर १०० मीटरवर .१७ एचएमआर सुमारे १० सेंटिमीटर ढळते, .२२ स्टँडर्ड सुमारे १२, .२२ हाय व्हेलॉसिटी सुमारे १५ आणि ४० ग्रेनची मॅग्नम सुमारे १७. यात दोन गोष्टी पाहा. .१७ ही हलकी असूनही .२२ पेक्षा कमी ढळते, पण फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही. वारा असेल तर १५० मीटरवर तीही भरवशाची नाही. दुसरं, हाय व्हेलॉसिटी .२२ ही स्टँडर्डपेक्षा जास्त ढळते. अनेकांना हे उलटं वाटतं. वाऱ्याने होणारं ढळणं गोळीला किती वेळ लागला यावर ठरत नाही, हवेच्या अडथळ्यामुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतं. ध्वनीचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर असतो. त्याच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि हाय व्हेलॉसिटी गोळी नेमकी त्या पट्ट्यातून खाली उतरते. टार्गेटवाले सगळे स्टँडर्ड किंवा त्याहून किंचित हळू गोळी वापरतात, त्याचं हे कारण. शिवाय ती ध्वनीपेक्षा हळू असल्यामुळे तिचा कडाका होत नाही, आणि एक ससा पडल्यावर बाकीचे चरत राहतात.

आता सराव. .२२ चं काडतूस या सगळ्यांत स्वस्त, सगळीकडे मिळणारं आणि सर्वांत जास्त प्रकारांत मिळणारं आहे. साध्या सरावाच्या गोळीपासून ऑलिंपिकच्या दर्जापर्यंत एकाच चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, सगळं चालतं. ५० मीटरची आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धा याच काडतुसावर चालते आणि तिच्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. .१७ आणि मॅग्नममध्ये स्पर्धेच्या दर्जाची काडतुसं जवळजवळ नाहीतच आणि प्रत्येक गोळी .२२ च्या कितीतरी पट महाग पडते. ज्याला नेम सुधारायचा आहे त्याला महिन्याला काही शे गोळ्या लागतात. महाग काडतूस घेतलं की माणूस नकळत सराव कमी करतो, मग रानात चुकतो. म्हणून दोन्ही कामांसाठी एकच रायफल हवी असेल तेव्हा सरावाचं पारडं मी जड धरतो.

मांस खायचं असेल तर आणखी एक मुद्दा. .१७ ची गोळी आत शिरताच फुटून विखुरते. अंगावर लागली तर सशाचा बराच भाग वाया जातो. .२२ ची सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू) होलो-पॉइंट (टोकाला पोकळ) गोळी ६० मीटरच्या आत डोक्याला लागली की काम स्वच्छ होतं आणि बाकी मांस राहतं. याउलट दगडाळ जमिनीवर .१७ फायद्याची, कारण ती फुटते आणि उसळत कमी जाते. .२२ ची अखंड शिशाची गोळी दगडावरून, कठीण मातीवरून, पाण्यावरूनही उसळते, आणि मोकळ्या हवेत दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. म्हणून मागे मातीचा उंचवटा असल्याशिवाय तिला हात लावू नका. .१७ असली तरी मागे काय आहे हे पाहायचंच. कमी उसळते म्हणजे उसळत नाही असं नव्हे.

काडतूस ठरलं, आता ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची-काढायची यंत्रणा. दोन कामांसाठी एक रायफल असेल तर बोल्ट. सेमी-ऑटोमॅटिकच्या मी विरोधात नाही; १९६४ पासून चालत आलेली रुगर १०/२२ तिच्या दहा गोळ्यांच्या फिरत्या मॅगझीनसह आजही उत्तम काम करते. पण सेमी-ऑटोमॅटिकचा बोल्ट मागे ढकलायला गोळीचा ठराविक जोर लागतो. सबसॉनिक आणि स्टँडर्ड गोळ्यांवर ती कधी कधी अडकते, म्हणजे टार्गेटसाठी सर्वांत उपयोगी काडतुसंच तिला नकोशी असतात. अडकू नये म्हणून तिचं चेंबरही सैल कापलेलं असतं. बोल्टमध्ये तुम्ही कोणतंही .२२ काडतूस भरू शकता आणि चेंबर रिकामं आहे की नाही ते एका नजरेत दिसतं. .१७ एचएमआरमध्ये तर साध्या ब्लोबॅक (खोळीच्या धक्क्यानेच बोल्ट मागे जाणाऱ्या) सेमी-ऑटोमॅटिकपासून लांबच राहा. दाब पुरता ओसरायच्या आत खोळ मागे सरकू लागली तर पातळ पितळ फाटतं. त्यासाठी बोल्टला काही क्षण अडवून धरणारी खास रचना लागते. सॅव्हेजची २०१५ मधली ए१७ तशी आहे. नळीखाली लांब ट्यूबमध्ये गोळ्या भरायच्या रायफली पाहायला छान, पण त्या पूर्ण रिकाम्या झाल्या का हे तपासणं कठीण. काढता येणारं मॅगझीन बरं.

चेंबरबद्दल जास्त बोललं जात नाही, पण टार्गेट करणार असाल तर हे कळून घ्या. .२२ ची चेंबरं ढोबळमानाने दोन प्रकारची: सैल स्पोर्टिंग आणि घट्ट मॅच. मॅच चेंबरमध्ये गोळीचं तोंड नळीच्या आट्यांत (आतल्या पीळदार खाचांत) आधीच रुतून बसतं, त्यामुळे ती सरळ निघते आणि ग्रूप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, घट्ट येतो. तोटा असा की न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना कधी गोळी आट्यांत अडकून राहते आणि खोळीतली दारू मॅगझीनमध्ये सांडते. रानात दिवसभरात अनेकदा भरणं-काढणं होतं, तिथे हे त्रासाचं. मॅच चेंबरमध्ये स्टिंगरसारखी लांब खोळीची अतिवेगवान काडतुसं तर चालवायचीच नाहीत. खोळ आट्यांवर दाबली जाते आणि दाब वाढतो. तुमच्या मिश्र कामासाठी नीट कापलेलं स्पोर्टिंग किंवा दोन्हींच्या मधलं चेंबर पुरेसं आहे. चांगल्या स्पोर्टिंग चेंबरची रायफल योग्य गोळीवर ५० मीटरला पाच गोळ्या १५ मिलिमीटरमध्ये घालू शकते.

नळीच्या लांबीवर पैसे घालू नका. .२२ ची दारू ४० ते ४५ सेंटिमीटर नळीत पूर्ण जळते. त्यापुढे वेग वाढत नाही, कधी घर्षणाने थोडा कमीच होतो. लांब नळीचा उपयोग उघड्या साइट्सवर नेम धरताना आणि तोलासाठी. स्कोप लावणार असाल तर ४५ ते ५० सेंटिमीटर ठीक. मॅग्नम आणि .१७ ला ५० ते ५५ बरी. जाडीचं म्हणाल तर रिमफायरची नळी सेंटरफायरसारखी (तळाच्या मध्यावर पेटणाऱ्या, जास्त ताकदीच्या काडतुसांच्या रायफलीसारखी) तापत नाही, तेव्हा जाड नळीचा फायदा थंड राहण्यात नाही, वजनात आहे. वजन पुढे असलं की नेम डुलत नाही. पण चार किलोची रायफल तासभर खांद्यावर घेऊन चालणं वेगळं. मध्यम जाड नळी, स्कोपसकट वजन सव्वातीन ते पावणेचार किलो, हे दोन्ही कामांना झेपतं. तोंडाला सायलेन्सरचे आटे असतील तर त्यांचं माप पाहा. १/२×२८ आणि १/२×२० अशी दोन मापं चालतात आणि एकमेकांवर बसत नाहीत.

ट्रिगर स्वच्छ सुटणारा हवा. रानासाठी एक ते दीड किलो, फक्त टार्गेटसाठी त्याहून हलका. एकाच रायफलीत एक किलोच्या आसपास ठेवा आणि मधेच अडखळत सरकत नाही ना ते पाहा. दुकानात पाहताना आधी चेंबर रिकामं असल्याची स्वतः खात्री करा आणि रिकामा चाप ओढण्याआधी विचारा. अनेक जुन्या रिमफायरमध्ये समोर काठ नसला की फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खोच पडते. मग खोळी अडकू लागतात. नव्या बऱ्याच रायफलींत हे होत नाही, पण पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच करा, नाहीतर स्नॅप कॅप (चापाच्या सरावाचं खोटं काडतूस) वापरा.

दस्त्याच्या बाबतीत एकच कसोटी महत्त्वाची. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुमचा. मान उचलावी किंवा दाबावी लागली तर गालाची फळी वर-खाली करता येणारा दस्ता घ्या किंवा रिंगांची उंची बदला.

या सगळ्यात बसणाऱ्या बोल्ट रायफली म्हणजे सीझेड ४५७, टिक्का टी१एक्स, सॅव्हेज मार्क २, रुगर अमेरिकन रिमफायर, आणि जास्त खर्चाची तयारी असेल तर आन्शुट्झची ६४ ॲक्शन. यातली कोणतीही घ्या, चूक होणार नाही. तुमच्यासाठी सीझेड ४५७ विशेष पाहण्यासारखी आहे, कारण तिची नळी घरी बदलता येते आणि .२२, .२२ मॅग्नम, .१७ एचएमआर या तिन्ही नळ्या त्याच ॲक्शनवर बसतात. पण प्रत्येक बदलानंतर पुन्हा झिरो करावं लागतं आणि अनेक ठिकाणी सुटी नळीही परवान्याखाली येते. त्यामुळे आज एका नळीने सुरुवात करा. टी१एक्सची जमेची बाजू अशी की टी३एक्ससाठी बनवलेले दस्ते तिला चालतात.

स्कोपकडे येऊ. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. सेंटरफायरसाठी बनवलेल्या स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुतेक १०० मीटरच्या आसपास पक्का केलेला असतो. तसा ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप तुम्ही ५० मीटरवर वापरलात आणि डोळा मधोमध नसला, तर नुसत्या त्या कारणाने नेम १० मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो. दहाचं पूर्ण वर्तुळ तेवढंच आहे. २५ मीटरवर ही चूक १५ मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणून बाजूच्या चकतीने किंवा पुढच्या कड्याने १०–१५ मीटरपर्यंत पॅरॅलॅक्स जुळवता येणारा स्कोप घ्या. ४–१२×४० दोन्ही कामांना पुरतो. चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नका. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात न लावता डोकं वर-खाली हलवा आणि क्रॉसहेअर टार्गेटवर सरकायचं थांबेपर्यंत चकती फिरवा. ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवा.

रायफलीवर स्कोप बसवायला ११ मिलिमीटरचा डव्हटेल (वर कापलेली तिरकी खाच) आहे की पिकॅटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी), ते पाहूनच स्कोप धरणाऱ्या रिंगा घ्या. रिंगांच्या वरच्या टोपीचे स्क्रू साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटरला आवळतात. स्कोपच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. ॲक्शन दस्त्यात धरणारे स्क्रूही टॉर्क रेंचने उत्पादकाच्या आकड्याला आवळा. ग्रूप अचानक विस्कटला तर गोळी बदलण्याआधी हे सगळे स्क्रू तपासा.

थोडक्यात, .२२, बोल्ट, साधं चांगलं चेंबर, ४५–५० सेंटिमीटर मध्यम नळी, पॅरॅलॅक्सचा स्कोप. इथपर्यंतचे निर्णय दुकानात होतात. यापुढचा दुकानात होत नाही: तुमच्या रायफलीला कोणती गोळी आवडते.

एकाच कारखान्यातून एकामागोमाग निघालेल्या दोन रायफलींनाही वेगवेगळी गोळी आवडते. म्हणून पहिल्याच दिवशी एकाच गोळीच्या हजार फैरी विकत घेऊ नका. पाच-सहा प्रकारांच्या प्रत्येकी दोन पेट्या घ्या. सीसीआय स्टँडर्ड, एसके स्टँडर्ड प्लस, एली क्लब, जमल्यास लापुआ सेंटर-एक्स, आणि रानासाठी दोन सबसॉनिक होलो-पॉइंट. वारा नसलेली सकाळ निवडा. पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्या, टार्गेट ५० मीटरवर. गोळीचा प्रकार बदलला की आधी १०–१५ फैरी मोकळ्या झाडा. प्रत्येक कंपनीचं मेण-वंगण वेगळं असतं आणि नळीत जुन्याचा थर असेपर्यंत नव्या गोळीचा खरा ग्रूप दिसत नाही. ही पायरी गाळल्यामुळे चांगली काडतुसं फुकट नापास होतात.

मग प्रत्येक प्रकाराचे पाच फैरींचे पाच ग्रूप काढा. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत अंतर मोजा आणि त्यातून ५.६ मिलिमीटर, म्हणजे गोळीचा व्यास, वजा करा. पाचही ग्रूपची सरासरी घ्या, सर्वांत चांगला ग्रूप खिशात घालून फिरू नका. वाट चुकलेली फैर मोजणीतून काढायचीही नाही. रानात ती सशाला लागणारी किंवा न लागणारी फैर असते. सरासरी १५ मिलिमीटरच्या आत आली तर टार्गेटसाठी उत्तम, २५ च्या आत आली तर रानासाठी पुरे. ग्रूप उभा लांबत असेल तर गोळीच्या वेगात फरक आहे किंवा पिशवी नीट बसलेली नाही. आडवा लांबत असेल तर बहुधा वारा.

टार्गेटची आणि रानातली गोळी वेगळी निघाली तर दोन्हींचा झिरो वेगळा असेल. ५० मीटरवर स्कोपच्या चकतीची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ३.६ मिलिमीटर सरकवते. दोन्ही गोळ्यांमध्ये किती क्लिकचा फरक आहे तो कागदावर लिहून दस्त्यावर चिकटवा.

आता रानातलं तुमचं अंतर किती, हे पिशव्यांवरच्या ग्रूपने ठरत नाही. कागदावर ४ सेंटिमीटरचं वर्तुळ काढा. रानात जसं बसाल, गुडघ्यावर किंवा काठीच्या टेकूवर, तसं बसून दहा फैरी झाडा. नऊ तरी आत लागतात ते सर्वांत लांबचं अंतर ही तुमची मर्यादा. पिशव्यांवरून ७० मीटरला सहज बसणारा ग्रूप गुडघ्यावरून अनेकदा ४५ वर येतो. गोळीची ताकद किती दूरपर्यंत पुरते हा प्रश्न त्यानंतरचा. प्राणी जखमी होऊन बिळात शिरतो तो ताकद कमी पडल्याने क्वचित, नेम चुकल्याने बहुतेकदा.

जुनी रायफल मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, .२२ ची नळी झिजायला फार वर्षं लागतात. फक्त नळीच्या तोंडाची कड भिंगाने पाहा आणि कापसाची काडी आतून बाहेर ओढा; तंतू अडकला तर तिथे खोच आहे. चेंबरच्या कडेवर फायरिंग पिनचा ठसा, आतला गंज, डव्हटेलवर रिंगा घसरल्याच्या खुणा, हे पाहा. शक्य असेल तर काही फैरी झाडून खोळी सहज निघतात का ते बघा.

साफसफाई कमीच करा, पण योग्य जागी करा. .२२ मध्ये चेंबरच्या लगेच पुढे कार्बनचं कडं साचतं आणि तेच बहुधा ग्रूप बिघडवतं. बाकी नळीत मेणाचा थर असणं चांगलं. काहीशे फैरींनंतर किंवा ग्रूप मोठा होऊ लागल्यावर चेंबरकडून सॉल्व्हंटची चिंधी आणि तेवढ्या भागापुरता ब्रश फिरवा. सळई नेहमी चेंबरकडून, बोर गाइडमधून (सळई मधोमध धरणाऱ्या नळीतून) घाला. तोंडाकडून घातली की कड झिजते, आणि झिजलेली कड नंतर कोणत्याही गोळीने सुधारत नाही. .१७ घेतलीत तर तिची गोळी तांब्याच्या आवरणाची असते, तिला दर ५०–१०० फैरींनंतर तांबं काढणारं सॉल्व्हंट आणि वेगळी बारीक सळई लागते. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून ३० सेकंद थांबा. मसाला कधी कधी उशिरा पेट घेतो. मग काडतूस काढून पाहा. काठावर खोल ठसा असेल तर मसाल्याचा दोष. उथळ ठसा असेल तर फायरिंग पिन किंवा तिची स्प्रिंग तपासून घ्या. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का ते पाहिल्याशिवाय दुसरी फैर झाडू नका. पहिली गोळी आत अडकलेली असू शकते. आणि घरात दोन कॅलिबर असतील तर पेट्या वेगळ्या कपाटात ठेवा. .२२ लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये जातं, पण ते तिथे सैल असतं आणि खोळ फुगून फाटते.

गोळी सापडली की पेटीवरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपेचा क्रमांक, पाहा आणि त्याच लॉटच्या पुढच्या वर्षभराला पुरतील एवढ्या फैरी एकदम घ्या. नवा लॉट आला तर तीच गोळी असली तरी दोन ग्रूप काढून झिरो पुन्हा पाहून घ्या.